वाहून आलेली पिंपं

कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणे ती पिंपं चोरीला गेली होती, आणि गावाच्या म्हणण्याप्रमाणे ती कधी आलीच नव्हती. दोघांचं खोटं असं छान जुळलं होतं की मधल्यामध्ये पूरच नाहीसा झाला होता. जनीला संताप यायचा तो याचाच.

पनवेलजवळच्या या खाडीकाठच्या कोळीवाड्यात ती लग्न होऊन आली, तेव्हा खाडी नारळ आणायची, ओंडके आणायची. एकदा तर पितळी कडीसकट अख्खा दरवाजा आणला. ज्यानं आधी दोर टाकला, त्याचं ते. त्यावरून कधी कुणी भांडलं नाही. मग दोन हजार पाचच्या जुलैत आभाळ फाटलं, भरतीनं पाणी अडलं आणि वरच्या रसायनाच्या कारखान्यातून निळी पिंपं तरंगत आली. तिच्या नवऱ्यानं, दयारामनं, जुन्या रिवाजानं दोर टाकला. पिंप रिकामं असेल म्हणून बूच उघडलं. तेव्हापासून त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही.

कारखान्यानं चोरीची तक्रार केली आणि गाव घाबरलं. डोळ्यात चुना गेला असं डॉक्टरला सांगायला लावलं ते दयारामच्या चुलतभावानं, काशिरामनं.

आता दोन हजार बारा साली समाजमंदिरात सभा भरली होती. पाऊस आणि भरती दोन्ही वाढत चालल्यात, तर कारखान्यात काय अपघात होऊ शकेल, याचा अंदाज काढायला अविनाश नावाचा तरुण इंजिनियर आला होता. शेजारी कारखान्याचे अधिकारी कृष्णकांत बसले होते.

"पुरानं कधी माल वाहून गेलाय?" अविनाशनं विचारलं.

"छे! एकदा चोरी झाली. मग भिंतीवर तारेचं कुंपण घातलं, वॉचमन ठेवला."

"मग पुराचा धोका कमी धरतो. पिंपं तिथंच राहिली तरी चालतील."

तिथंच, म्हणजे त्याच सखल आवारात, आणि आता दुप्पट. जनी ताडकन उठली.

"वॉचमन पान्याला शिटी मारनार हाय काय?"

बायका फिसकन हसल्या. काशिरामनं तिचा पदर ओढला. "वयनी, गप बस. पोलीस दयारामला उचलतील."

"उचलू दे! एक डोला गेला, दुसरा तुमच्या भीतीपायी घालवू काय?" तिनं पदर सोडवला. "सायेब, माज्या नवऱ्यानं पिंप आनलं. पान्यातून आनलं."

"ऐकलंत?" कृष्णकांत म्हणाले. "बाईनं कबुली दिली."

"लिवा! चोर लिवा. पन पानी पन लिवा!"

अविनाशचं पेन थांबलं. "आजी, एकट्या तुमच्या सांगण्यावर भागणार नाही. भिंतीवरून उचललं म्हणतील."

"एकट्या?" जनी सभेकडे वळली. "काशिराम भावजी, मोरीवर पानी कशात भरता? तुलशीरामची सून सुकट कशात ठेवते? आन गणू, तुज्या दारात काय हाय ते, देवाचा कलश?"

सभा उधळली. कुणी शिव्या घातल्या. काशिराम म्हणाला, "आजपासून माजा उंबरा चढू नको."

"पुढच्या पुरात तुजा उंबरा बुडंल, तवा होडी घेऊन येईन!"

"आजी," अविनाशनं वही उचलली, "दाखवता?"

ती पुढं निघाली. पण काशिराम ओरडत तिच्याही पुढं धावला आणि गल्लीतली दारं धडाधड बंद होत गेली. ज्यांच्या बाळंतपणात ती रात्ररात्र बसली होती, त्यांचीसुद्धा. दारं बंद करता आली, पण माणूस मावेल एवढी पिंपं कोण कुठं लपवणार? घराघराच्या मागं ती उभी होती, कारखान्याचं नाव अर्धवट खरवडलेली.

"इतकी भिंतीवरून नाही जात," अविनाश स्वतःशीच म्हणाला आणि लिहू लागला.

उद्या पोलीस येतील, हे जनीला ठाऊक होतं. एकेका पिंपावर थापा मारत ती पुढं चालली होती, इतक्या जोरात की आतलं पाणी हिंदकळून बाहेर सांडत होतं.