दहाचं पासिंग

"आई, मी भुंग्या हाय," म्हणत शिवतेज गाडीच्या डिकीत चढला, अंगाचं मुटकुळं करून आडवा झाला आणि जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला.

"भुंग्या एवढा बारका न्हाई. पाय लांब कर," क्रांती म्हणाली आणि तिनं पर्समधून सुतळी काढली.

सुतळीला गाठी मारलेल्या होत्या. पहिली भुंग्याच्या नाकाची, दुसरी शेपटीच्या बुडख्याची, तिसरी तो उभा राहिला की कानाच्या टोकापर्यंतच्या उंचीची. सांगलीच्या शोरूममध्ये कुत्रं घेऊन जाता येणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून सकाळी निघताना अंगणातच मापं घेतली होती. बिस्किटाच्या आशेनं तो शहाण्यासारखा उभा राहिला होता.

"मॅडम, टेप देऊ का?" गाडी दाखवणारी सोनम म्हणाली.

"नगं. ह्यात बरोबर हाय."

पुढच्या सीटवर तिचे सासरे, लालासाहेब, बसले होते. टोपी वर टेकते का, हे त्यांनी मान ताठ करून दोनदा बघितलं. मग आरशातून मागं बघत म्हणाले, "आगं, गाडी माणसांस्नी घ्यायची हाय का कुत्र्याला?"

"दोघांस्नी बी, आबा."

"मग रंग बी त्येलाच इचार."

सोनम हसली. क्रांतीही हसली. त्या दिवशी तिला सगळ्याचंच हसू येत होतं. कडेवरच्या राणीला सावरत तिनं मागची सीट पाडायला लावली, पुन्हा उचलायला लावली, पुन्हा पाडायला लावली. पाडल्यावर सुतळी आडवी टाकली. दुसऱ्या गाठीच्या पुढं चांगली वीतभर जागा उरत होती. म्हणजे भुंग्या पाय ताणून झोपला तरी पोरांच्या अंगावर येणार नव्हता. मधल्या सीटवर पोरं, त्यांच्यामध्ये ती, आणि हात मागं टाकला की भुंग्याचं डोकं. सासू-सासरे येणार असतील तेव्हाचंही तिनं ठरवून ठेवलं होतं.

तिचा नवरा वीरधवल जरा लांब, काचेजवळ फोन घेऊन उभा होता. "बघा की, कसं बसतंय," तिनं हाक मारली.

तो आला, डिकीत वाकला, सुतळीकडे बघितलं. "बसतंय की झकास," म्हणाला. राणीला घ्यायला त्यानं हात पुढं केले, तशी तिनं आईच्या खांद्यात तोंड लपवलं. चार दिवस झाले होते त्याला येऊन. अजून ती त्याच्याकडे जात नव्हती. फोनमधले पप्पा तिला चालायचे. त्यांच्या तोंडावर बोट फिरवून ती पापा घ्यायची. हे पप्पा मोठे होते, आणि त्यांना वास होता.

वीरधवलचं सेलमला गलाईचं दुकान होतं. जुने दागिने वितळवायचे, ॲसिडमध्ये घालून सोनं शुद्ध करून द्यायचं. विट्याच्या आसपासच्या गावांतले कितीतरी पुरुष हेच काम करत देशभर पांगलेले आहेत. कुणी केरळात, कुणी बंगालात. गावात त्यांचे दुमजली बंगले उभे आहेत, आणि बंगल्यांत म्हातारी माणसं. काहींची बायकापोरंही.

लग्न झालं तेव्हा वीरधवल म्हणाला होता, जरा दुकानाचा जम बसू दे, मग नेतो. जम बसला तेव्हा शिवतेज पोटात होता. तो चालायला लागू दे, म्हणाला. तो पळायला लागला तेव्हा राणीची चाहूल लागली. दोन पोरं घेऊन एवढ्या लांबच्या गाडीत तू कशी येशील, म्हणाला. आणि मग भुंग्या होताच.

भुंग्या त्यांच्या रानात मेंढरं बसवायला आलेल्या धुळा मेंढपाळाच्या वाड्यावरचा. खतासाठी दरवर्षी रानात त्याची मेंढरं बसायची. धुळाची बायको सुलाबाई दूध द्यायला आली, वरच्या मजल्यावरच्या बंद खिडक्या तिनं एक-एक करून बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी पदरातनं पिल्लू घेऊन आली. "एवढ्या थोरल्या घरात तुमी एकल्या. ऱ्हाऊ द्या दारात," म्हणाली. काळ्या अंगावर पिवळे पट्टे, म्हणून भुंग्या. शिवतेजचं पान त्याच्याशिवाय हलत नव्हतं. ताप आला तरी हात त्याच्या पाठीवर लागायचा.

"कुत्र्याचं काय करायचं मग?" गेल्या दिवाळीला वीरधवल म्हणाला होता. "त्येला रेल्वेत कोण घील?"

"मोठी गाडी घ्या," ती म्हणाली होती. "मग सगळीच येतो. त्यो बी."

तो हसला होता. "घेऊ की."

त्या 'घेऊ की'वर तिनं दिवाळीपासून चैत्र गाठला होता. दुपारी पोरं निजली की ती फोनवर नकाशा उघडायची. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, मग सेलम. बोट फिरवून फिरवून तिला रस्ता पाठ झाला होता. हुबळीच्या पुढं भुंग्याला खाली उतरवायचं, पाणी पाजायचं. चित्रदुर्गाला किल्ला आहे, तो शिवतेजला दाखवायचा. शेजारच्या घरातली राजेश्वरी नवऱ्याबरोबर तमिळनाडूत राहायची, तिची पोरं घरात तमीळ बोलायची; तिच्याकडून फोनवर क्रांतीनं 'पाणी', 'दूध', 'किती' एवढं शिकून घेतलं होतं.

ही राजेश्वरी यात्रेला यायची ती पोरांसकट, टीएन पासिंगच्या गाडीतनं. चैत्रातल्या यात्रेला गावाच्या मैदानात गाड्यांची रांगच लागायची. टीएन, केएल, एपी, डब्ल्यूबी. शाळेतली पोरं नंबरप्लेटा वाचत हिंडायची आणि कुठलं राज्य ते ओळखायची. त्यात मधेमधे एमएच दहा, म्हणजे आपल्या सांगलीच्या पासिंगच्या गाड्याही असायच्या, तशाच मोठ्या, तशाच चकचकीत. यात्रा संपली की बाहेरच्या पासिंगच्या गाड्या बायकापोरं घेऊन निघून जायच्या. दहाच्या पासिंगच्या गाड्या बंगल्यांच्या दारात उभ्या राहायच्या, वर्षभर कव्हर घालून. लग्नसराईत कुणीतरी त्या फिरवून आणायचं.

हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी बोलून दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

"सर, पासिंग कुठलं करायचं?" सोनमनं टेबलामागं बसून विचारलं. "विट्याकडची मंडळी बऱ्याचदा टेंपररी नंबरवर गाडी बाहेर नेतात, तिकडंच पासिंग करतात. तसं सांगा, म्हणजे कागद तसे करायला."

क्रांती शिवतेजला डिकीतनं उतरवत होती. शिवतेज उतरत नव्हता, भुंकत होता.

"दहाचंच करा," वीरधवल म्हणाला.

"दारात ऱ्हायाची हाय," आबा म्हणाले. "चांगलासा नंबर मिळतोय का बघा."

क्रांतीनं शिवतेजला तसंच धरून ठेवलं. दहाचीही नेता येते, असं तिच्या मनात आलं. पण गावातल्या कुणाची तरी दहाची गाडी तिकडं धरली, टॅक्स भर म्हणाले, केवढी कटकट, हे वीरधवलनंच तिला मागं फोनवर सांगितलं होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं. तो पेनचं टोपण काढत होता, लावत होता. मान वर करत नव्हता.

"मॅडम, कलर कुठला घ्यायचा?" सोनमनं विचारलं.

"कुठलाबी," क्रांती म्हणाली.

"भुंग्याचा!" शिवतेज ओरडला.

येताना वाटेत आबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. क्रांतीनं तिचा ग्लास शिवतेजला दिला.

यात्रेच्या आदल्या दिवशी गाडी दारात आली. काळीच. बनुबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. "सूनबाईनं निवडली हो, सगळं बघून बघून," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. भुंग्यानं चारी चाकं हुंगली आणि खोबऱ्याचा तुकडा पळवला. मैदानातल्या रांगेत गाडी एका केएलच्या आणि टीएनच्या मध्ये लागली. राजेश्वरी बघायला आली.

"लय झ्याक हाय गं! कधी निघताय मग?"

"बघू की," क्रांती म्हणाली.

राजेश्वरीचं लक्ष नंबरप्लेटकडे गेलं. ती राणीच्या गालाला हात लावून, पोरांना तमिळमध्ये हाका मारत गर्दीत गेली.

यात्रा उठल्यावर दुपारी वरच्या खोलीत ती वीरधवलची बॅग भरत होती. संध्याकाळी विट्याहून त्याची ट्रॅव्हल्स होती. शर्टांना बारीक बारीक भोकं पडलेली, ॲसिडचे थेंब उडून. त्यातला एक तिनं रफू केला होता. तो तिनं वर ठेवला.

"आवं, गाडी न्हेणार न्हाई न्हवं?"

"कोण म्हणलं तुला?"

"दहाचं पासिंग केलंय."

तो पलंगावर बसला. खाली पोरांचा आणि भुंग्याचा धुडगूस चालला होता.

"दुकानाच्या मागं एक खोली हाय," तो म्हणाला. "तितं आमी पाच जण निजतोय. धुरानं भिंती पिवळ्या पडल्यात. माझाच खोकला ऐकतीस न्हवं तू फोनवर? पोरांस्नी तितं ठेवू?"

"दुसरी खोली बघायची."

"बघतोय की. लगीन झाल्यापास्नं बघतोय." तो हसल्यासारखा झाला. "आन् हितं आईआबांस्नी कोण? आबा म्हणत्यात, बंगल्यात दिवा लावाय तर माणूस पायजे."

"मग मला सांगलीला कशाला न्हेलंत?" तिचा आवाज चढला नाही. शर्टाची घडी तेवढी विस्कटली. "मी सुतळी टाकून मापं घेत हुती. सीट पाडा, सीट उचला. तवाच सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगणार हुतो." तो हाताच्या तळव्याकडे बघत होता. ॲसिडनं पिवळा पडलेला, कधीच न निघणारा डाग. "तू लय हासत हुतीस त्या दिशी. म्हणलं, तेवढं तरी हिच्या मनासारखं हुंदे."

क्रांतीनं घडी मोडून पुन्हा घातली. भांडावं असं तिला वाटत होतं. पण भांडायला समोर कुणीतरी जिंकलेलं माणूस लागतं. इथं तसं कुणी दिसेना.

"त्येचं माप बरोबर बसलं हुतं," ती एवढंच म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

निघताना राणी पहिल्यांदाच आपण होऊन त्याच्याकडे गेली. त्याच्या तोंडावर तिनं बोट फिरवलं, फोनवर फिरवायची तसं. तो तसाच उभा राहिला. मग शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर बसून विट्याला गेला. नवी गाडी काढली नाही. आबा म्हणाले, "कशाला धुळीत घालायची?"

आता गाडी पोर्चमध्ये असते. राखाडी कव्हर. किल्ली आबांच्या बंडीच्या खिशात. नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून आठवड्यातनं एकदा चालू करून ठेवायची, असं सोनमनं सांगितलं होतं. आबांना ते नव्या गाडीचं जमत नाही. ते क्रांतीच्या हातात किल्ली देतात. "नुसती चालू कर. जागची हलवू नगं."

ती कव्हर काढते. शिवतेज आधी डिकी उघडायला लावतो. भुंग्या उडी मारून आत जातो, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो आणि पाय ताणून पडतो. त्याच्या नाकापुढं वीतभर जागा उरते. पोरं मधल्या सीटवर बसतात. क्रांती स्टिअरिंगपाशी बसते आणि किल्ली फिरवते. गाडी थरथरते. समोर पोर्चची भिंत असते, भिंतीवर आबांनी लावलेली वीरधवलच्या नावाची पाटी.

"आई, कुठं आलो?"

"कोल्हापूर."

"आता?"

"बेळगाव."

राणी खिडकीला नाक लावून बसते. तिला पोर्चच्या खांबात काय दिसतं कोण जाणे, पण ती हात हलवते.

"आई, हुबळी आली का? भुंग्याला तहान लागलीय."

"आली. उतरीव त्येला."

शिवतेज भुंग्याला घेऊन उतरतो, नळाखालच्या बादलीतलं पाणी त्याला पाजतो, आणि दोघं पळत पुन्हा गाडीत येऊन बसतात. अशानं चित्रदुर्गाचा किल्ला कधी येतच नाही. त्याआधीच घरातून बनुबाईंची हाक येते, "झालं का गं? बंद कर आता. धूळ बसंल, कव्हर घाल."

ती किल्ली फिरवते. थरथर थांबते. पोरं उतरतात, भुंग्या उतरतो. तो मात्र एकदा मागं वळून गाडीकडे बघतो.

कव्हरचा एका बाजूचा बंद मागंच तुटला आहे. क्रांती पर्समधली सुतळी आणते, चाकाजवळून ओवून घेते आणि बांधते. बांधायला ती पुरते. गाठीवर गाठ मारताना मधल्या जुन्या गाठी बोटांना लागतात. त्या तिनं अजून सोडवलेल्या नाहीत.