मिठूचं वय

"त्याला आता दाढी येत असेल," मावशी म्हणाली. "रोज करत नसेल. एक दिवसाआड करत असेल. तेवढीच दाखव."

बारकीनं कॉम्प्युटरला जोडलेल्या काळ्या पाटीवर पेन टेकवलं आणि पडद्यावरच्या तरुणाच्या हनुवटीवर बारीक खुंट उगवले. खुंटांचा ब्रश तयारच मिळतो, तो नुसता फिरवायचा. इतकं सोपं असायला नको होतं, असं तिला उगाचच वाटलं.

"मिशी?"

"मिशी नको. त्याच्या बापाला कधी शोभली नाही." मावशी खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकाकानांवर फ्रेम चढवून बघायची, घरी आली तरी बोटं तशीच तोंडांचा अंदाज घेत फिरायची. "कान किंचित मोठे कर. कान वाढतच राहतात माणसाचे."

बारकीनं कान मोठे केले. नाही म्हणायचं तिनं सकाळपासून दोनदा ठरवलं होतं.

मिठू मावशीचा एकुलता एक. त्याच्यासमोर कुणी काही बोललं की शेवटचा शब्द तो पुन्हा म्हणायचा, म्हणून मिठू. बारकी त्याच्याहून महिन्याभरानं धाकटी, म्हणून बारकी. सहा वर्षांचा असताना तो बाजारात हरवला. मावशीच्या एका हाताला मिठू होता, दुसऱ्या हाताला बारकी. बारकीच्या सँडलचा पट्टा सुटला. मावशी खाली वाकली, दोन्ही हातांनी पट्टा अडकवला आणि उभी राहिली, तेव्हा मिठू नव्हता.

पट्ट्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच कधी काढली नव्हती. मावशीनं तर नाहीच. उलट बारकी घरी गेली की ती तिला भिंतीला पाठ लावून उभी करायची, डोक्यावर आडवा हात धरायची आणि मग तो हात थोडा वर न्यायची. "एवढा झाला असेल. मुलगे जरा जास्तच वाढतात." बारकीला पहिला चष्मा लागला तेव्हा मावशीनं दुकानातून मुलग्यांची फ्रेमसुद्धा आणून ठेवली होती. न जाणो, त्यालाही लागला असेल.

बारकी डिझाइनच्या कॉलेजात गेली ती कोळशाच्या जोरावर. कोळसा हातात आला की तिला माणसं काढता यायची. दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि बारकीचा हातच गेला. पेन इथं मेजावर चालवायचं, रेघ तिथं समोर उमटणार. आंधळ्यानं दुसऱ्याच्या ताटात जेवावं तशी ती चाचपडायची. रेघ चुकली की एक बटण दाबून मागे जायचं, पुन्हा काढायची, पुन्हा मागे. तासभर काम करूनही पडदा कोरा तो कोराच राही. कागदावर निदान खोडल्याची घाण तरी उरते.

"कागदाचा मोह सोड," सर म्हणाले. "बाहेर कुणी तुझ्या कोळशासाठी खोळंबलेलं नाहीये."

मग सरांनी एक काम दिलं. जुन्या फोटोतल्या एखाद्या माणसाचं वय वाढवून त्याचा आजचा चेहरा तयार करायचा. बाकीच्यांनी आपापले बालपणीचे फोटो घेतले आणि स्वतःला म्हातारं करून हसत सुटले. बारकीनं मावशीच्या भिंतीवरचा मिठूचा फोटो मागून आणला. तेव्हा तिच्या मनात फक्त मार्क होते, एवढं खरं.

तिनं त्या लहान चेहऱ्यावर थर चढवायला सुरुवात केली. हनुवटी मावशीची. कान काकांचे, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचे. कपाळ आणि डोळ्यांमधलं अंतर काही केल्या जमेना, तेव्हा तिनं ते सरळ स्वतःच्या फोटोतून उचललं. मावसभावंडं, वय तेच, कुणाला कळणार? थरांच्या कडा पुसल्या, एक कडक इस्त्रीचा निळा शर्ट घातला, आणि एका दुपारी पडद्यावरून एक तरुण तिच्याकडे बघायला लागला. तिनं घाबरून पडदा झाकला.

सरांनी ते बघितलं. "आत्ता जमलं तुला," म्हणाले.

कॉलेजच्या प्रदर्शनात ते चित्र मोठं करून लावलं. आईनं नको तिथं तोंड उघडलं आणि मावशी दुकानातून तशीच, गळ्यात मोजपट्टी अडकवून आली. चित्रापुढे ती कितीतरी वेळ उभी होती. मग हळूच विचारलं, "हा कुठे भेटला तुला?"

"मावशी, मी केलाय तो."

"ते कळलं गं. पण भेटला कुठे?"

त्यानंतर बारकीच्या हातात काही उरलं नाही. मावशीनं चित्र मोबाईलवर घेतलं, चौकीत नेऊन दिलं, दुकानात आरशाशेजारी लावलं. गिऱ्हाइकांनी ते पुढे पाठवलं, त्यांच्या माणसांनी त्याच्याही पुढे. फोन येऊ लागले. कुणी म्हणे, हा आमच्या इमारतीत पाणी द्यायला येतो, कुणी म्हणे हा सैन्यात बघितलाय. मावशी प्रत्येकाला "हो का, हो का" म्हणत ऐकून घ्यायची आणि आठवड्याला बारकीकडे येऊन चेहरा जरासा दुरुस्त करून न्यायची. कॉलेजची बाकी कामं मागे पडली. बारकी पेन हातात घेई तेव्हा कुणाचंही तोंड काढायला गेली तरी त्याचंच कपाळ उतरत असे.

एकदा काका आले. काका लिफ्ट दुरुस्त करायचे, बोटांच्या रेषांत कायम ग्रीस. ते बारकीच्या घरी सहसा येत नसत. आईनं चहा ठेवला तोवर ते बारकीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझ्याकडे तो लहानपणीचा आहे का गं? फोटो?"

"आहे ना. का हो काका?"

"दाखव जरा." ते स्टुलावर बसले. "मला दिसेनासा झालाय तो. डोळे मिटले की हा तुझा बाप्याच येतो समोर. काल झोपताना खूप प्रयत्न केला. नाहीच आला."

बारकीनं फोटो उघडला. काका पुढे सरकले, मग थोडे मागे झाले.

"ही भुवई अशी नव्हती."

"अशीच होती की."

"पलंगावरून पडला होता. ह्या भुवईत खोक होती त्याच्या. मधोमध. टाका घातला होता, मीच धरून बसलो होतो त्याला." त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं मात्र नाही. "कुठे गेली ती?"

भिंतीवरची चौकट तिनं उघडली होती तेव्हा फोटो काचेला चिकटलेला होता. तिनं जपून सोडवला तरी एक टवका काचेबरोबर निघाला, नेमका उजव्या भुवईवरचा. तिनं मग कॉम्प्युटरवर दुसरी भुवई उचलून, उलटी करून तिथं बसवली. मिनिटभराचं काम. काच पुसून टाकली होती. तिला खोक आठवतच नव्हती. सहा वर्षांची होती ती, तिला कशी आठवणार? तिनं काकांना टवक्याचं सांगून टाकलं.

"पडल्यानंतरचा तेवढा एकच फोटो होता. म्हणजे आता ती कुठेच नाही," काका म्हणाले. ते रागावले नव्हते. लिफ्टमधला एखादा भाग आता बाजारात मिळत नाही, असं सांगावं तसं ते म्हणाले.

त्याच दिवशी बारकीनं मोठ्या मिठूच्या भुवईत खोक काढली आणि मावशीला नेऊन दाखवली. मावशीनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"तुमच्या काकांचं काम हे. मलाही म्हणाले. अगं, भुवया दाट झाल्या की बुजतात असल्या खुणा."

"पण मावशी, त्यावरूनच तर ओळख पटेल."

"आणि बुजली असेल तर? लोक नुसती खोक शोधत बसतील. तोंड बघणारच नाहीत." तिनं मोबाईल परत दिला. "राहू दे आपला आहे तसा."

तसाही तो आता परत मागवता येण्यासारखा नव्हता. कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये तो बिनखोकेचाच जाऊन बसला होता.

मग तो फोन आला. एका रोपवाटिकेत झाडं घ्यायला गेलेल्या बाईंनी तिथल्या मुलाचा फोटो काढून पाठवला होता. हुबेहूब म्हणजे किती हुबेहूब! शर्ट तेवढा वेगळा.

"खोक आहे का ते विचार आधी," काका म्हणाले.

"फोनवर कुणाला भुवई विचारायची?" मावशी म्हणाली. "तुम्ही चला, स्वतः बघा."

"मी येत नाही. तुम्ही जाऊन या."

बारकी गेली. तिला मावशीनं तसं विचारलंही नाही. सकाळी दारात पिशवी घेऊन उभी राहिली, "चल," म्हणाली.

गावाबाहेरच्या थांब्यावर बस थांबली आणि समोरच हिरवी जाळी दिसली. आत ओल्या मातीचा वास होता. एक तरुण कुंड्या उचलून हातगाडीवर ठेवत होता. पाठमोराच होता. मावशीनं हाक मारली नाही. तो कुंडी घेऊन वळला. कान काकांचे होते, हनुवटी मावशीची आणि कपाळ तिचं स्वतःचं. तिनं खोटं म्हणून तयार केलेलं तोंड घामानं निथळत तिच्यासमोर उभं होतं आणि विचारत होतं, "काय पाहिजे?"

भुवया दोन्ही अखंड होत्या.

मावशीनं त्या आधीच बघितल्या असणार. नजर तिथंच थांबली होती तिची. तरी ती पुढे झाली. तेवढ्यात पलीकडून एक बाई पाण्याचा पाइप हातात घेऊन आली.

"काय झालं हो ताई? काय हवंय?"

मावशीनं मोबाईल तिच्यापुढे धरला. बाईनं ओले हात पदराला पुसले आणि बघितलं.

"अगंबाई, हा तर आमचाच! कुणी काढला हा?" ती कौतुकानं हसली. मग तिनं नीट बघितलं. "पण असला शर्ट नाही याच्याकडे."

"माझा मुलगा आहे," मावशी म्हणाली. "लहानपणी हरवलाय."

बाईच्या हातून पाइप सुटला. पाणी सगळ्यांच्या पायांवरून वाहू लागलं. तिनं पुढे होऊन पोराचा दंड धरला, इतका घट्ट, की तोच ओशाळून म्हणाला, "आई, असं काय करतेस?"

"माझ्या पोटचा आहे हो हा. कुणालाही विचारा. सगळी गल्ली आली होती बघायला."

"हो, हो," मावशी घाईनं म्हणाली. "तुमचाच आहे. दिसतंय ना. घाबरू नका तुम्ही." आणि मग मुलाकडे वळून, दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं अशा आवाजात, "बाळा, जरा उजेडाकडे तोंड कर. हं. आता इकडे." तिनं बारकीचं मनगट ओढलं. "बघ, मान बघ. कामाच्या पोराची मान अशी भरते. आपण फार बारीक काढलीय. बघून घे नीट."

तो मुलगा बिचारा सांगेल तसा वळत राहिला. त्याच्या आईनं त्याचा दंड सोडला नाही, पण मावशीला थांबवलंही नाही. बारकीला मान दिसत नव्हती. डोळे भरले होते.

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसली. शेवटी बारकीलाच राहवेना.

"मावशी, तो चेहरा मिठूचा नाहीये. कसा असेल मला काय माहीत? कान काकांचे चिकटवलेत मी. हनुवटी तुझी. कपाळ तर माझंच आहे. खोटा आहे गं तो सगळा."

"मग कुणाचं घेणार होतीस?" मावशी बाहेर बघत म्हणाली. "आपल्यांचंच घेणार ना. देवानं तरी दुसरं काय केलं असतं?"

पुढच्या थांब्यावर शाळेची पोरं चढली, गलका झाला. मावशीनं पिशवी मांडीवर घेऊन दोन पोरांना जागा करून दिली.

मावशीच्या घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. कडी वाजवायच्या आधीच काकांनी दार उघडलं. सुट्टीचा दिवस नव्हता, तरी ते घरी होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस ओले करून विंचरलेले. त्यांनी मावशीकडे बघितलं, बारकीकडे बघितलं, आणि मग दोघींच्या मधून मागे जिन्याकडे बघितलं.

मावशी चपला काढून आत गेली. बारकीही तिच्या मागोमाग गेली. काका दाराला हात लावून तसेच उभे होते. खालून कुणीतरी जिना चढत होतं. पावलं खालच्या मजल्यावर थांबली, किल्ली फिरली, कुणाचं तरी दार लागलं.

मग त्यांनीही दार लावलं.

"पाणी तापलंय," ते म्हणाले आणि शर्ट बदलायला आतल्या खोलीत गेले.