गोदामातलं कार्ड

१९९९ साली भेस्तानच्या कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या शेठनं परदेशातून दोन वायरलेस कार्डं मागवली. ऑफिसातून मालाची खबर थेट गोदामातल्या छोट्या लिनक्स कॉम्प्युटरवर पोचवायची होती, आणि ते जुळवायचं काम ऑफिसातला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सोनालीच्या गळ्यात पडलं.

तिनं कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्राम पुन्हा बसवला, सेटिंग तपासली. संध्याकाळी कार्ड चालायचं आणि सकाळी बंद पडलेलं असायचं. शेठ चिडला. "जमत नसेल तर दुसरी बाई बघतो," म्हणाला.

एका सकाळी ती लवकर आली. तिचे सख्खे मामा, धुडकूमामा, वाकून कार्ड खाचेतून ओढत होते. ऑफिसच्या चिठ्ठ्या गोदामात पोचवणारे तेच, आणि तिला इथं नोकरीला चिकटवणारेही तेच.

"मामा, हाई काय?"

"हाई चालनं ते माले कोन ठेवी, पोरी?"

तिनं कार्ड दाबून परत बसवलं.

कार्ड आता रोज चालू राहिलं, चिठ्ठ्या थांबल्या, आणि महिनाअखेरीस शेठनं मामांना घरी बसवलं. डिंडोलीत दोघांची घरं समोरासमोर. मामी तिला पाहताच दार लावून घेई. मामा मात्र ती कामावरून परत आली की ओट्यावरून विचारत, "उनी का, पोरी?" तिला तेच सोसवत नसे.