पांढऱ्या बशीचा काळेपणा

जयपूरच्या सोडाला भागातल्या त्या पिवळ्या बंगल्याच्या अंगणात सकाळपासून बायका बसायच्या. आया, मावश्या, आणि त्यांच्यामध्ये मान खाली घालून बसलेल्या लग्नाच्या मुली. १९६१ सालचा हिवाळा होता. तिथल्या रूपमाताजी कातडीतला काळेपणा नुसता घालवत नाहीत, तो बाहेर काढून डोळ्यांना दाखवतात, असा जयपूरभर बोलबाला झाला होता.

आणि तो खरंच दिसायचा. माताजी मुलीच्या चेहऱ्यावर पांढराशुभ्र लेप चोळत, काहीतरी पुटपुटत, मग बाटलीतल्या तीर्थात पांढरा फडका भिजवून गाल पुसत. फडका काळा व्हायचा. तो उंच धरून त्या म्हणायच्या, "देख लो, जनम जनम की कालिख." तीर्थाला केवड्याच्या आडून एक कुजका वास यायचा. तो पापाचा वास, माताजी समजावत, आणि ज्याला तो जास्त येतो त्याचं पाप जास्त. यानंतर कोण नाक मुरडणार?

प्रतिमा साताऱ्याकडच्या नीलकंठराव गोळ्यांची मुलगी. नीलकंठराव जयपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. प्रतिमा बी.ए.ला होती, सतार उत्तम वाजवायची, आणि रंगाने थेट वडिलांवर गेली होती. दोन स्थळांनी फोटो परत पाठवल्यावर तिची आई सुमित्राबाई तिला माताजींकडे घेऊन गेल्या. घरी लावायला लेपाची डबी आणि तीर्थाची बाटली मिळाली. नीलकंठरावांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं, हे तुमचं बायकांचं तुम्ही बघा.

महिन्याभरात प्रतिमा उजळली. नागपूरच्या स्थळाने होकार कळवला. नीलकंठरावांनी त्या दिवशी पेढे आणले. न्हाणीघरातून येणाऱ्या कुजक्या वासाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

मग प्रतिमेचे हात कापू लागले. सतारीच्या तारा छेडायची मिजराब बोटात चढवता येईना. सकाळी पापण्या सुजलेल्या असत, संध्याकाळी पाय. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. माताजींनी सांगितलं, पाप मुळापासून सुटतंय, लेप वाढवा. सुमित्राबाईंनी वाढवला.

शेवटी पाय चपलांत शिरेनात, तेव्हा आईवडिलांनी तिला डॉ. शालिनी दातारांकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली, हात पुढे करायला लावून बोटांची थरथर पाहिली आणि मुलगी चेहऱ्याला काय लावते, एवढंच विचारलं. सुमित्राबाईंनी डबी काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी ती उघडली, वास घेतला आणि नीलकंठरावांच्या हातात ठेवली.

"तुम्ही रसायनाचे प्रोफेसर ना? यात काय आहे ते तुम्हीच मला सांगा. मूत्रपिंडं बिघडलीत हिची."

नीलकंठराव डबी आणि घरची तीर्थाची बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेले. लेप आम्लात विरघळवून त्यात तांब्याची घासलेली तार बुडवली. थोड्या वेळाने तार चांदीसारखी चमकायला लागली. पारा. मग उरलेल्या लेपावर तीर्थाचे थेंब टाकले. लेप जागीच काळा पडला. गंधकाचं पाणी पाऱ्याच्या क्षाराला काळं करतं, हे ते दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला करून दाखवत. तोच कुजका वास त्यांच्या कोटाला रोज येत असे. घरात तोच वास येत होता आणि त्यांनी तो ओळखायचं टाळलं होतं.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. सुमित्राबाई पदरात तोंड लपवून रडल्या. प्रतिमा रडली नाही.

"मतलब, बाबा," ती म्हणाली, "तुम्हालाही मी काळी आवडत नव्हते?"



दुसऱ्या दिवशी नीलकंठराव पिवळ्या बंगल्यावर गेले. सोबत चिनी मातीची एक पांढरी बशी होती. प्रतिमा म्हणाली, मीही येते, आणि सुजलेल्या पायांनी टांग्यात चढली.

त्यांनी माताजींना नमस्कार करून एक विनंती केली. लेप न लावता नुसत्या तीर्थाने माझा चेहरा पुसा. एवढा सावळा माणूस सगळ्या बायकांसमोर मागतोय म्हटल्यावर माताजींना नाही म्हणता येईना. त्यांनी पुसला. फडका पांढराच राहिला. प्रोफेसरसाहेबांची श्रद्धा कमी पडली, माताजी म्हणाल्या. मग नीलकंठरावांनी बशीवर लेप फासला आणि त्याच तीर्थाने पुसला. फडका काळाकुट्ट झाला. तो बायकांसमोर धरून त्यांनी हिंदीत विचारलं,

"या बशीने कोणत्या जन्मी पाप केलं होतं?"

बशी कुणाची उष्टी असेल, असं माताजी म्हणाल्या, पण आवाज बसला होता. नीलकंठरावांनी तोच लेप त्यांच्यापुढे धरला, आपल्या गालाला लावून दाखवा म्हणाले. माताजींनी मान मागे घेतली. अंगणातल्या बायकांनी ते पाहिलं.

मग त्यांनी साध्या हिंदीत डबीतलं एकेक सांगितलं. मेण आणि व्हॅसलीन कातडीतला ओलावा धरून ठेवतात. ग्लिसरीन ओलावा ओढून घेतं. गुलाबपाणी वासापुरतं. जस्ताची पांढरी पूड चेहऱ्यावर बसते, म्हणून लावल्याबरोबर उजळ वाटतं. धुतली की जाते. यातलं काही वाईट नाही, आणि रंग बदलणारंही नाही. रंग बदलतो तो पारा. तो कातडीत रंग तयारच होऊ देत नाही, आणि तिथून रक्तात उतरतो.

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आप इतने पढ़े-लिखे हो, तो अपनी बेटी को क्यों लगाने दिया?"

नीलकंठरावांनी प्रतिमेकडे पाहिलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती.

"कारण मलाही ती गोरी हवी होती," ते मराठीतच म्हणाले. मग खाली मान घालून तेच हिंदीत सांगितलं.

म्हातारीने आपल्या नातीचा हात धरला आणि ती उठली. तिच्यामागून आणखी काही जणी उठल्या. सगळ्या नाही. माताजींनी त्याच आठवड्यात जयपूर सोडलं. अजमेरकडे गेल्या म्हणतात.

प्रतिमेची सूज उतरायला उन्हाळा उजाडला. हातांची थरथर त्याहून उशिरा गेली. रंग पूर्वीसारखा झाला. नागपूरकरांना तिने स्वतः पत्र लिहून सगळं कळवलं; उत्तर आलं नाही, आणि तिने वाटही पाहिली नाही. नीलकंठराव मात्र पुढे बरीच वर्षं तिच्या नजरेला नजर देताना अडखळत.

तेव्हा, गोरं करणारी डबी हातात घेताना दोन प्रश्न विचारा. यात काय आहे, आणि ते कातडीला काय करतं? सांगणारा मंत्र म्हणायला लागला, तर डबी तिथेच ठेवून उठा. तिसरा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे, आणि तो जास्त अवघड आहे: आपल्या मुलीच्या रंगात आपल्याला नेमकं काय खुपतंय?