शेजारच्या सीटचा ब्रेक

माझी बायको गाडी जोरात चालवायची आणि मी तिच्या शेजारी बसून ब्रेक दाबायचो. त्या बाजूला ब्रेक नसतो हे मला ठाऊक होतं, पण पाय ऐकत नसे. वळण आलं की पाय खाली जायचा, पुढे ट्रक दिसला की जायचा, कधीकधी पुढे काहीच नसताना जायचा. "लागला का रे ब्रेक?" ती रस्त्यावरची नजर न काढता विचारायची. मी म्हणायचो, "लागला. म्हणून तर वाचलो."

यात माझा काही दोष नव्हता. विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासणं हे माझं काम. चेपलेली बोनेटं, छातीपर्यंत आत आलेली स्टिअरिंगं, सीटवर काचेचा चुरा. दिवसभर हे बघून आलेला माणूस संध्याकाळी गाडीत निवांत मांडी घालून बसेल कसा? मी स्वतः गाडी शिकलोच नाही. बायको होती दातांची डॉक्टर. समोरच्याने कितीही तोंड वेडंवाकडं केलं तरी तिचा हात हलत नसे, आणि तोच हात गिअरवर असायचा.

गाडी तिची, लग्नाआधीपासूनची. तीन दरवाजे, मागचा वर उघडणारा, माणसं चार म्हणजे डोक्यावरून पाणी. दिसायला भाजी आणायला निघालेली वाटावी अशी, पण बोनेटखाली तिच्या अंगाला न शोभणारं दांडगं इंजिन. सिग्नल सुटला की मोठ्या मोठ्या गाड्यावाले बघत राहायचे आणि बायको गालातल्या गालात हसायची. लेक मोठी व्हायला लागली, तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकायला लागले, तेव्हा आम्ही ती विकून पाच दरवाज्यांची एक शहाणी गाडी घेतली. त्या दिवशी बायको जेवली नाही. दात दुखतोय म्हणाली.

ती गेली ती गाडीत नाही. घरी गेली, पलंगावर, आजारात, दुपारी. मी शेजारच्या खुर्चीत होतो. आयुष्यभर मी वळणांना घाबरलो आणि घात झाला तो सपाट जागी. इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीला भ्यालो याचा आधी राग आला. मग राग गेला, आणि जाताना बाकीचंही सगळं घेऊन गेला. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. जेवणात मीठ आहे की नाही ते कळायचं नाही. दाढी केली का, हे गाल चाचपून बघावं लागायचं.

लेकीच्या ते आधी लक्षात आलं. ती शाळेत भूगोल शिकवते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, सुट्टीला माझ्याकडे येते. एकदा आम्ही औषधांच्या दुकानातून बाहेर पडलो आणि मी सरळ रस्ता ओलांडायला लागलो. एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरने माझ्या सगळ्या खानदानाची आठवण काढली. मी त्याला हात दाखवला आणि पुढे गेलो.

पलीकडे पोचल्यावर लेकीने माझा दंड धरला.

"बाबा, तू बघितलंस तरी का?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय? थांबला ना तो."

"तुला भीती नाही वाटली?"

मी खरोखर विचार करून बघितला. "नाही."

तिने दंड सोडला नाही. घरापर्यंत तसंच धरून नेलं. पुढच्या सुट्टीला मी पत्र्यावर चढून पन्हळ साफ करताना तिला दिसलो, खाली शिडी धरायला कुणी नसताना. तेव्हा ती शिडी धरून खाली उभी राहिली, आणि मी उतरल्यावर म्हणाली, "माझ्याकडे राहायला चल. मला तुझी काळजी वाटते." मी बघू म्हणालो. बघू म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

आणि मग ती गाडी सापडली. मी एका व्हॅनचा चेपलेला दरवाजा तपासायला बारक्याच्या गॅरेजवर गेलो होतो. बारक्या हा मेकॅनिक माझ्या वीसेक वर्षांच्या ओळखीचा. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण तो गाडीखाली सरपटत गेला की गाडीच जॅक लावल्यासारखी वर उचलली जाते. मागच्या आवारात गवत माजलं होतं आणि गवतात एक गाडी बसली होती. हो, बसली होती, कारण चाकांत हवा नव्हती. तीन दरवाजे. रंग कधीतरी लाल असावा.

तशा गाड्या त्या काळी पुष्कळ होत्या. मी सवयीने चालकाच्या शेजारचा दरवाजा उघडला आणि आत बसलो. बूड टेकलं आणि पाय आपोआप पुढे गेला. खाली कार्पेटला भोक होतं. माझी टाच त्या भोकात बसली, थेट पत्र्यावर.

कार्पेट झिजतं ते चालकाच्या बाजूला, पेडलपाशी. इकडच्या बाजूला टाचेने भोक पाडणारा माणूस जगात एकच असणार.

"साहेब, हात लावू नका, हातात येईल," बारक्या खिडकीतून म्हणाला. "भंगारवाल्याला सांगितलंय."

"त्याला येऊ नको म्हण. ही मला हवी आहे."

"तुम्हाला?" त्याने माझ्याकडे तपासून बघितलं. मी गाड्यांकडे बघतो तसं. "यात काही राहिलेलं नाहीये, साहेब. तुम्हीच सही करून भंगारात काढाल अशी आहे."

"सही मी करतो ना? मग झालं."

त्या दिवसापासून कचेरी सुटली की मी गॅरेजवर जायला लागलो. बारक्या अवघड कामं करायचा आणि मी कंटाळवाणी. तळाचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. तो त्याने कापून नवा जोडला. इंजिन खाली उतरवलं. कुठल्याशा शेतात मरून पडलेल्या तशाच एका गाडीचे अवयव आणले, दिवे, काचा वर-खाली करायची बटणं, एक अख्खा गिअरबॉक्स. मी पॉलिश पेपर घेऊन गंज घासायचो. कोपऱ्यातला घासून झाला की दरवाज्याचा, दरवाज्याचा झाला की बोनेटचा. नखांत लाल भुकटी जायची आणि जेवताना ताटात दिसायची. मला ते काम आवडत होतं असं म्हणवत नाही. हात हलत होते, बाकीच्याने हललंच पाहिजे असा कुणाचा आग्रह नव्हता, एवढंच.

लेकीला आधी वाटलं की बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग मी पत्र्यावर चढत नाही हे बघून ती गप्प बसली. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन गॅरेजवर यायची, स्टुलावर बसून वह्या तपासायची. बारक्या तिला "डॉक्टरबाईंची लेक" म्हणायचा. बायकोने एकदा त्याची अक्कलदाढ काढली होती आणि तेव्हापासून आपल्याला अक्कल राहिली नाही, हा त्याचा एकुलता एक विनोद तो दर आठवड्याला करायचा.

एके दिवशी त्याने सीट काढल्या आणि कार्पेट उपटून बाहेर फेकलं. "याला उंदरांनी पण नकार दिलाय. नवीन टाकतो. साहेब, तुमच्या भोकाचा तुकडा कापून ठेवू का? आठवण म्हणून?"

मी त्या चिंधीकडे बघितलं. आता काहीतरी वाटेल म्हणून जरा थांबलोही. "टाकून दे," मी म्हणालो.

लेकीने वहीतून मान वर केली. बारक्या पुढे निघून गेला, पण ती माझ्याकडेच बघत होती. चेहरा पडला होता तिचा.

"लहानपणी मी मागे बसून तुझा पाय बघायचे," ती म्हणाली. "आई सुसाट सुटली की मी रस्त्याकडे बघायचेच नाही. दोन सीटच्या मधून तुझा पाय दिसायचा. वाटायचं, बाबाचा पाय खाली आहे ना, मग आपल्याला काही होणार नाही."

"तिथे ब्रेक नव्हता गं."

"ते मला मोठी झाल्यावर कळलं. पण आपल्याला काही होऊ नये असं कुणाला तरी एवढं वाटत होतं की कार्पेट फाटलं." तिने पेनाचं टोपण लावलं. "आता तुला काहीही झालं तरी चालतं. त्याचीच मला भीती वाटते, बाबा."

मी पुन्हा पॉलिश पेपर उचलला.

रंग झाला, सीट बसल्या, नवं कार्पेट आलं, जाड आणि काळं. गाडी सुरू करायच्या दिवशी सुट्टी होती, लेकही आली होती. बारक्याने हात धुतले, जे तो सहसा करत नाही. सेल मारला. एकदा, दोनदा, मग ती खोकली, धूर सोडला आणि धरलं तिने. तोच घोगरा आवाज. बारक्या दोन्ही हात कमरेवर ठेवून ढसाढसा रडायच्या बेतात उभा होता. मी ऐकलं. आवाज बरोबर होता. अहवालात लिहावं तसं माझ्या मनात आलं, आवाज बरोबर आहे. एवढे महिने मी या क्षणासाठी थांबलो होतो हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्यात काहीच नव्हतं हेही.

मी जाऊन गाडीत बसलो, दरवाजा लावला, पट्टा बांधला. आणि समोर बघत राहिलो.

बारक्या खिडकीशी आला. "साहेब?"

"काय?"

"तुम्ही या बाजूला बसलात."

"मग?"

"मग चालवणार कोण?"

खोटं वाटेल, पण एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी गाडी माझ्या जागेवरून जशी दिसते तशी नीट करत आणली होती आणि माझ्या जागेवरून पलीकडे नेहमी कोणीतरी असायचं. मी रिकाम्या सीटकडे बघितलं. बारक्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

पलीकडचा दरवाजा उघडला आणि लेक आत बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला.

"तू?" मी म्हणालो. ही मुलगी पिवळ्या दिव्याला थांबते आणि हिरव्यालाही दोन्हीकडे बघून निघते. तिच्या मागे नेहमी हॉर्नची मिरवणूक असते.

"मी," ती म्हणाली. पहिल्या गिअरला गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आम्ही फाटकातून बाहेर पडलो.

गोदामांच्या मागून एक रुंद रस्ता तलावाला वळसा घालून जातो. सुट्टीमुळे तो ओस पडला होता. तिथे पोचल्यावर तिने गिअर बदलला आणि पाय दाबला. गाडी जुनी सवय विसरली नव्हती. पाठ सीटला चिकटली. कठडे मागे पळायला लागले. काटा वर गेला, आणखी वर गेला. मी शांतपणे काट्याकडे बघत होतो. ती मधूनच एक नजर खाली टाकत होती, माझ्या पायाकडे. पाय मांडीखालून सुटल्यासारखा पडला होता. ती आणखी वेग घेत होती. ती काय करतेय ते मला कळलं, आणि कळूनही काही वाटलं नाही. दाबू दे, म्हटलं. कधीतरी थांबेल.

मग वळण आलं. मी तिच्याकडे बघितलं.

तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ओठ दातांत धरले होते. कपाळावर घाम होता. हिचा हात आईचा नव्हता. आई अशा वळणावर गुणगुणायची. ही माझी लेक होती, माझ्यासारखीच भित्री, मरणाची घाबरलेली, आणि तरीही पाय काढत नव्हती. माझ्यासाठी काढत नव्हती.

पाय खाली गेला. नव्या कार्पेटवर एवढ्या जोराने आपटला की गुडघ्यापर्यंत कळ आली.

"हळू," मी ओरडलो. "हळू चालव गं."

तिने त्याच क्षणी पाय काढला. गाडी वळण घेऊन बाहेर आली, हळू झाली, रस्त्याच्या कडेला खडीवर जाऊन थांबली. इंजिन चालू होतं. ती दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवून धापा टाकत होती. माझी छाती इतकी धडधडत होती की मला ती कानांत ऐकू येत होती. मला भीती वाटत होती, साधी, नेहमीची, आपल्या माणसाला काही होईल याची भीती. आणि तिच्या मागोमाग दुसरं सगळं आलं. बायको गेली होती. ती त्या सीटवर नव्हती आणि आता कधीच असणार नव्हती. हे मला तिथे, त्या खडीवर, पहिल्यांदा कळलं, आणि मी रडलो.

लेकीने मला रडू दिलं. मग बाहीने आपलं नाक पुसलं.

"लागला का रे ब्रेक?" ती म्हणाली.

"लागला," मी म्हणालो.

तिने गाडी वळवली. परतताना ती नेहमीसारखी चालवत होती, म्हणजे एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. तरीही गॅरेज येईपर्यंत मी पाय वर घेतला नाही.