मी पुसलेला ठसा

"शेठ, मला झाडायला कुनी सांगितलं?"

हा प्रश्न प्रणितनं चारुदत्तशेठना किती वेळा विचारला ते मी सांगू शकतो. दर वेळी मी त्याच्या हातात होतो. दर वेळी शेठ पाठ फिरवून निघून गेले.

मी टेनिसच्या मैदानावरच्या रेषा झाडणारा ब्रश बोलतोय. लांब लाकडी दांडा, खाली राठ केस. पनवेलच्या एका क्लबात लाल मातीचं मैदान आहे. ती माती काशिराम राखायचा. विचुंब्याहून सायकलवर यायचा, मागे मुलगी रिया, पुढे धाकटा मुलगा प्रणित. प्रणितनं आठवीत शाळा सोडली आणि मला उचललं. रियानं कुणाची तरी टाकलेली रॅकेट उचलली.

भिंतीवर चेंडू मारून मारून पोरगी शिकली. सोळाव्या वर्षी राज्य स्पर्धा जिंकली, पुण्याच्या शिबिरात तिची निवड झाली. प्रणित फाटकात येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचा, "माजी ताई हाय ती!"

"गप रे, हवा करू नको. चेंडू उचल," ताई म्हणायची.

मग क्लबच्या स्पर्धेची फायनल आली. समोर प्रांजल, क्लबचे सचिव चारुदत्तशेठ यांची मुलगी. शेवटचा गुण. प्रांजलनं मारलेला चेंडू पडला आणि रिया ओरडली, "आऊट!" लाल मातीत चेंडूचा ठसा उमटतो. वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून तो ठसा बघतात. पंच उतरतच होते. तेवढ्यात शेठ प्रणितच्या कानाशी लागले, "रेष झाड पटकन. पंचांना दिसत नाहीये."

वाक्य संपायच्या आत प्रणितचे पाय पळतात, स्वभावच तसला. त्यानं मला फिरवलं. तो ठसा माझ्या केसांखालून गेला. रेषेच्या चांगला चार बोटं बाहेर होता. माझ्याइतक्या जवळून तो कुणीच पाहिला नाही, आणि मला कुणी विचारलं नाही.

ठसाच नाही, म्हणून गुण पुन्हा खेळवला. रियानं तोही जिंकला. पण दुसऱ्या दिवशी पनवेलभर मोबाइलवर एकच व्हिडिओ फिरत होता: 'बहीण चोरी करते, भाऊ पुरावा पुसतो.' मग कुणीतरी तिचा उशिरा काढलेला जन्मदाखला शोधला. वय चोरलं म्हणाले. एका बातमीदारानं तोंडासमोर माइक धरला, तिनं तो ढकलला. त्याचाही व्हिडिओ झाला. क्लबनं सहा महिने बंदी घातली, पुण्याचं शिबिर गेलं. क्लबच्या चौकशी समितीपुढे शेठ शांतपणे म्हणाले, "मी त्या पोराला काही सांगितलंच नाही."

बंदी उठायच्या आत, जुलैत रियाला डेंग्यू झाला. पाच दिवसांत गेली.

"डेंग्यूनं नाय," प्रणित मला घट्ट धरून म्हणाला. "यांनी मारली. आनि मी हात दिला."

काशिरामनं काम सोडलं. प्रणितनं सोडलं नाही. लोक म्हणाले, पोराला लाज नाही. मला ठाऊक होतं, तो वाट बघत होता. मीही बघत होतो.

या जानेवारीत क्लबनं 'रिया स्मृती चषक' भरवला. काशिराम आणि रियाची आई भामाबाई, दोघांना मंचावर बसवून शाली घातल्या. शेठ माइकवर म्हणाले, "रिया म्हणजे आमच्या क्लबची लेक!"

प्रणित मला घेऊन मंचावर चढला. "लेक ना? मग बोला इथंच. ती चोर व्हती का नाय?"

"बाळा, आज नको. पाहुणे आलेत."

घाल, मी मनात म्हटलं. घाल त्या टाळक्यात! त्यानं मला खांद्यामागे नेलं. शेठनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. समोर बसलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मग प्रणित वळला आणि मला टेबलावरच्या काचेच्या चषकावर हाणलं. काचेचा चुरा झाला, माझा दांडा मधोमध तुटला.

"माज्या बहिनीचं नाव तुमच्या कपावर नाय पायजे!"

मी आता मंचाखाली दोन तुकड्यांत पडलोय. राग अजून गेलेला नाही. मला जे कुणी उचलाल त्यांनी एवढंच ऐका: चेंडू बाहेर होता. पुढे चुलीत घातलंत तरी चालेल.

इथून मला शेवटचं दिसलं ते असं. प्रणितनं आईबापाच्या खांद्यावरच्या शाली काढून शेठच्या खुर्चीवर टाकल्या. मंचावर चढताना आईनं पायरीशी चपला काढल्या होत्या. तो खाली बसला, तिच्या पायांत एकेक चप्पल घातली आणि दोघांना हात धरून घरी घेऊन गेला.