लहान धरलेली माणसं

“ही राजाची लहान मुलं का हो?” दगडात कोरलेल्या शिल्पाकडे बोट दाखवत एका आजोबांनी विचारलं आणि माझं डोकं फिरलं. चूक त्यांची नव्हती. मी या संग्रहालयात माहिती सांगायचं काम करते आणि शिल्पाखालच्या पाटीवर आमच्या साहेबांनीच लिहून ठेवलंय, ‘राजा व त्याची लहान मुले’. ती पाटी बदला म्हणून सांगून माझी जीभ झिजली.

“मुलं नाहीत ती, आजोबा. दाढ्या बघा त्यांच्या. मेसोपोटेमियात ज्याचा मान मोठा त्याला मोठा कोरायचे. बाकीचे त्याच्या कमरेएवढे. चांगली कर्ती माणसं आहेत ही.”

“म्हणजे लहान नाहीत, लहान धरलीत,” आजोबा म्हणाले.

मला हे इतक्या नेमक्या शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं. त्यांना तसं म्हणणार, तेवढ्यात माझा भाऊ दालनात शिरला. दादा दूरच्या शहरात राहतो आणि फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतो.

“आईला नेतोय. शेजारच्या काकूंकडून तुझ्या घराची किल्ली घेतली. गाडीत बसवलंय तिला, खाली.”

“कुठे नेतोयस?”

“आमच्याकडे एक वृद्धाश्रम आहे, चांगला आहे. मी आणि तुझ्या वहिनीने ठरवलंय.”

“आणि मी? आईला न्हाऊ घालते मी, भरवते मी. मला विचारलंस?”

“तू लहान आहेस गं. तुला त्यातलं काय कळतंय?”

“केस पांढरे झाले माझे!” मी ओरडले. “नुसता आधी जन्मलास म्हणून मोठा झालास होय रे?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत!”

लोक बघतच होते. पहारेकरी दारातून आत आला. आजोबांची माफी मागून मी जिना उतरले. मागून दादा काहीतरी समजावत होता. रागाने माझे कान बंद झाले होते.

आई मागच्या सीटवर बसली होती. स्वेटरची बटणं एकेक घर चुकवून लावलेली, गळ्याशी एक बाजू वर आलेली.

“आई, तुला जायचंय का?”

तिने आधी दादाकडे पाहिलं. “मोठ्याचं मोडायचं नाही गं.”

जन्मभर हेच ऐकत आले. त्या क्षणी मला दादापेक्षा तिचाच जास्त राग आला.

“अगं, मग तू कोण? तू तर सगळ्यांत मोठी! तू सांग ना त्याला!”

आई खरंच गोंधळली.

“मी कसली गं मोठी?” ती म्हणाली.

यावर कोणाशी भांडायचं? दादा पुढे जाऊन बसला आणि त्याने गाडी सुरू केली. मी उघड्या दारात रस्त्यावरच गुडघे टेकले आणि आईच्या स्वेटरची बटणं खालपासून एकेक सोडवू लागले. दादाने हॉर्न वाजवला. मी त्याला वाजवू दिला. सगळी बटणं पुन्हा नीट लावून होईपर्यंत मी दार सोडलं नाही.